'चाचणीत कधीही दोषी आढळले नाही' : उत्तेजकांच्या प्रश्नाला धावपटूंनी दिलेली उत्तरे

मैदानी स्पर्धा जिंकणाऱ्या खेळाडूला पत्रकार परिषदेत अनेक प्रश्न विचारले जातात. सराव, प्रशिक्षक, दुखापत, शर्यतीचे नियोजन यांविषयीच्या प्रश्नांना थोडक्यात किंवा विस्ताराने, कसेही उत्तर दिले तरी फारसे बिघडत नाही. 'ही कामगिरी उत्तेजक द्रव्यांशिवाय झाली असे लोकांनी का मानावे?' हा प्रश्न मात्र त्या जातीचा नाही. उत्तर देणारी व्यक्ती प्रामाणिक असो वा नसो, तिच्या तोंडी बहुधा एकच वाक्य येते : 'मी चाचणीत कधीही दोषी आढळले नाही.' प्रस्तुत लेखात या वाक्याचा आणि त्याच्या आसपासच्या इतर उत्तरांचा विचार केला आहे. सायकल शर्यती, भारोत्तोलन इत्यादी क्षेत्रांतही हेच घडते. परंतु येथे विवेचन धावण्याच्या शर्यतींपुरते मर्यादित ठेवले आहे.

या वाक्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. प्रश्न सेवनाविषयी असतो आणि उत्तर चाचणीविषयी दिले जाते. चाचणी म्हणजे एका विशिष्ट दिवशी घेतलेल्या मूत्राच्या किंवा रक्ताच्या नमुन्यात, प्रयोगशाळेला त्या काळी ओळखता येत असलेल्या द्रव्यांपैकी काही सापडले की नाही, एवढ्याचा निकाल. द्रव्य शरीरातून निघून गेले असेल, प्रमाण अल्प असेल किंवा ते द्रव्य प्रयोगशाळेच्या यादीतच नसेल, तर निकाल निर्दोषच येणार. म्हणून हे वाक्य शब्दशः खरे असूनही मूळ प्रश्नाला अनुत्तरित ठेवू शकते. अडचण अशी की, खरोखर निर्दोष असलेल्या खेळाडूपाशीही याहून वेगळे सांगण्यासारखे फारसे काही नसते. न केलेल्या गोष्टीचा पुरावा तिने आणावा कोठून?

मॅरियन जोन्स

या वाक्याचा सर्वांत मोठा आधार घेतला तो अमेरिकेच्या मॅरियन जोन्स हिने. सिडनी येथील 2000 च्या ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्ण व दोन कांस्य अशी पाच पदके मिळवली. त्याच स्पर्धेच्या दिवसांत तिचा तत्कालीन पती, गोळाफेकपटू सी. जे. हंटर, नँड्रोलोनच्या चाचण्यांत दोषी आढळल्याची बातमी फुटली. सिडनीतच पत्रकार परिषद झाली. प्रसिद्ध वकील जॉनी कॉक्रन हजर होते, हंटरला रडू आवरले नाही आणि जोन्सने आपण पतीच्या पाठीशी आहोत असे सांगितले. लोहयुक्त पूरक गोळ्या दूषित असाव्यात, असा तांत्रिक खुलासा करण्यासाठी आहारतज्ज्ञ म्हणून एक गृहस्थ पुढे आले. त्यांचे नाव व्हिक्टर कॉन्टे. पुढे ज्या 'बाल्को' कंपनीच्या प्रकरणाने अमेरिकी क्रीडाक्षेत्र हादरले, तिचे हेच संस्थापक. उपस्थित वार्ताहरांना त्या दिवशी या नावाचे महत्त्व कळण्याचे कारण नव्हते.

2003 साली एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली. तिच्यातील अंशावरून लॉस एंजलिसच्या प्रयोगशाळेने टीएचजी हे तोवर अज्ञात असलेले स्टेरॉइड ओळखले आणि त्याची चाचणी तयार केली. सिरिंज पाठवणारा प्रशिक्षक ट्रेव्हर ग्रॅहम हा जोन्सचा पूर्वीचा प्रशिक्षक होता. म्हणजे, जोन्सच्या 'निर्दोष' ठरलेल्या अनेक चाचण्या अशा काळात झाल्या होत्या की, ज्या काळात हे द्रव्य शोधण्याची सोयच नव्हती.

यानंतरची तिची उत्तरे क्रमाने पाहिली तर त्यांचा स्वर चढत गेलेला दिसतो. 2004 मध्ये तिने आपली सुनावणी उघडपणे व्हावी अशी मागणी केली. आत्मचरित्रात नकार छापला, तोही मोठ्या लाल अक्षरांत. कॉन्टेने दूरचित्रवाणीवर तिच्याविरुद्ध विधान केले, तेव्हा डिसेंबर 2004 मध्ये तिने त्याच्यावर अडीच कोटी डॉलरचा बदनामीचा दावा लावला. तो पुढे तडजोडीने मिटला. 2006 मध्ये तिच्या पहिल्या नमुन्यात ईपीओ सापडले, पण दुसरा नमुना निर्दोष निघाला आणि तिची सुटका झाली. 'दोषी आढळले नाही' हे वाक्य तेव्हाही तांत्रिकदृष्ट्या टिकले. अखेर 5 ऑक्टोबर 2007 रोजी न्यूयॉर्कजवळील व्हाइट प्लेन्स येथील न्यायालयात तिने संघराज्याच्या तपास अधिकाऱ्यांशी खोटे बोलल्याचा गुन्हा कबूल केला आणि जानेवारी 2008 मध्ये तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे तिला तुरुंगात नेले ते प्रयोगशाळेच्या अहवालाने नव्हे, तर तिच्याच उत्तराने. आणि कबुलीतही एक आडोसा होताच : ग्रॅहमने दिलेला पदार्थ जवसाचे तेल आहे असे आपण समजत होतो, असे तिने सांगितले.

तिच्या नकाराची किंमत तिने एकटीने मोजली नाही. 2008 मध्ये तिच्यासोबत सिडनीत धावलेल्या सहकारी महिलांचीही रिले पदके काढून घेण्यात आली. त्यांच्यापैकी सात जणींनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि 2010 मध्ये पदके परत मिळवली.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत होणार नाही. मराठी वृत्तपत्रे अशा प्रसंगी 'खेळाडूने खुलासा केला' असे लिहितात. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. उर्दूत त्याचा अर्थ आजही 'सारांश' असा आहे, मराठीत तो 'स्पष्टीकरण' झाला, तर हिंदी वृत्तपत्रांत 'गौप्यस्फोट'. जोन्सच्या 2007 पूर्वीच्या विधानांना यांपैकी कोणताही अर्थ लागू पडत नाही. उर्दू पत्रकारितेत अशा निवेदनाला 'तरदीद', म्हणजे खंडन, म्हणतात आणि तोच शब्द येथे चपखल बसतो. खंडनात विरुद्ध बाजूचे म्हणणे नाकारलेले असते; नवी माहिती दिलेलीच असते असे नाही. विद्यार्थ्यांकडून बातमीलेखन करून घेताना हा भेद सांगण्याजोगा आहे.

पॉला रॅडक्लिफ

माहिती दिल्याने तरी प्रश्न सुटतो का? ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफचे प्रकरण या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचे, आणि म्हणून अधिक शिकवणारे आहे. रक्ततपासणीच्या मागणीसाठी ती लाल फीत लावून धावत असे. 2001 मध्ये कॅनडातील एडमंटन येथील विश्वविजेतेपद स्पर्धेत तिने प्रेक्षागृहात ईपीओ घेणाऱ्यांना बाहेर काढण्याची मागणी करणारा फलक धरला. रोख होता रशियाच्या ओल्गा येगोरोव्हाकडे. पॅरिसमधील तिच्या मूत्राच्या नमुन्यात ईपीओ आढळले होते. पण त्यासोबत आवश्यक असलेली रक्ततपासणी झाली नसल्याने तिला सोडण्यात आले होते. येगोरोव्हाने त्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. (2008 मध्ये मूत्राचे नमुने बदलल्याच्या प्रकरणात निलंबित झालेल्या रशियन धावपटूंत तीही होती.)

चौदा वर्षांनी फासा उलटला. 2015 च्या उन्हाळ्यात सुमारे 5,000 खेळाडूंच्या 12,000 रक्तचाचण्यांची माहिती बाहेर फुटली. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीत लंडन मॅरेथॉनच्या ब्रिटिश विजेत्यांचा मोघम उल्लेख झाला. नाव घेतले गेले नव्हते. पण अशा विजेत्या मोजक्याच असल्याने सूचन कोणाकडे आहे हे ओळखणे कठीण नव्हते. रॅडक्लिफने त्याच दिवशी स्वतः नाव उघड करून आरोप फेटाळला. मात्र जी खेळाडू आयुष्यभर पारदर्शकतेचा आग्रह धरत आली, तिने आपले रक्तअहवाल प्रसिद्ध करण्यास प्रारंभी नकार दिला. तिचे म्हणणे असे की, संदर्भ न समजता वाचलेले आकडे दिशाभूल करतात.

तिची भीती निराधार नव्हती. काही दिवसांतच तिचे तीन आकडे एका वृत्तवाहिनीच्या हाती लागले. त्यांतील सर्वाधिक 114.86 होता. हा आकडा रक्तातील हिमोग्लोबिन आणि नव्या तांबड्या पेशींचे प्रमाण यांवरून काढतात. सामान्य वाचकाला तो फक्त 'जास्त' दिसतो. परंतु उंच डोंगराळ प्रदेशात सराव केल्यास तो वाढतो. उन्हात शर्यत संपल्याबरोबर, शरीरातील पाणी कमी झालेले असताना नमुना घेतला तरीही तो वाढतो. शर्यतीनंतर दोन तास थांबून नमुना घेण्याची आजची पद्धत तेव्हा नव्हती. नोव्हेंबर 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने हे आरोप आकड्यांच्या ढोबळ गैरसमजावर उभे असल्याचे जाहीर केले.

तरीही रॅडक्लिफची बाजू जोन्सपेक्षा वेगळी का ठरते, याचे कारण तिच्या उत्तराच्या घाटात शोधता येते. तिने प्रत्येक आकड्यासाठी कारण दिले : कोठे सराव केला, नमुना कधी घेतला, हवामान कसे होते. ही कारणे चुकीची असती तर तज्ज्ञांना ती खोडून काढता आली असती. जोन्सच्या लाल अक्षरांतील नकारात खोडण्यासारखे काही नव्हतेच. स्वर किती ठाम होता, डोळ्यांत पाणी होते का, वकील सोबत होता का, या गोष्टी वार्ताहर आवर्जून नोंदवतात. वास्तविक त्यांवरून काहीच ठरत नाही.

'मला माहीत नव्हते'

आपल्याकडे या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा तिसऱ्या प्रकारचे असते. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल आणि ग्वांगझू आशियाई स्पर्धांत 4 × 400 मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय चमूतील मनदीप कौर, सिनी जोस व अश्विनी अक्कुंजी 2011 मध्ये स्टेरॉइडच्या चाचणीत दोषी आढळल्या. युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी दिलेल्या जिनसेंगच्या पूरक गोळ्यांतून ते शरीरात गेले, अशी बाजू मांडण्यात आली. प्रशिक्षकांना काढून टाकण्यात आले. अश्विनी अक्कुंजी व सिनी जोस यांना देशांतर्गत समितीने एक वर्षाची बंदी घातली. पुढे 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली.

गोळ्यांचे कारण खोटे होते असे येथे सुचवायचे नाही. मुद्दा असा की, नियमानुसार शरीरात काय गेले याची जबाबदारी खेळाडूवरच असते. अजाणता सेवन झाल्याचे सिद्ध झाले तर शिक्षा कमी होऊ शकते. नियमभंग पुसला जात नाही. वृत्तपत्रीय भाषेत मात्र 'मला माहीत नव्हते' आणि 'मी निर्दोष आहे' ही विधाने एकमेकांत मिसळून जातात. ग्रामीण भागातून आलेली, इंग्रजी लेबल वाचता न येणारी मुलगी आणि सर्व जाणून घेणारा खेळाडू या दोघांची उत्तरे बातमीत सारखीच छापली जातात. यात अन्याय होतो तो पहिलीवर.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये भारतातील 3,865 नमुन्यांपैकी 125 दोषी निघाले. 2023 मध्ये दोषी नमुन्यांचे प्रमाण 3.8 टक्के होते. मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत ते सर्वाधिक ठरले. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्ली राज्य स्पर्धेत चाचणी अधिकारी आल्याचे कळताच पुरुषांच्या 100 मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उभा राहिला. महाविद्यालयीन संघांतील मुले याच स्पर्धांतून पुढे जातात. त्यामुळे हा विषय क्रीडाशिक्षकांवर सोडून देण्यासारखा राहिलेला नाही.

मौन आणि नियम

मौनाचा अर्थही घाईने लावू नये. नमुना दोषी आल्याचे कळल्यावर वकील प्रथम गप्प राहण्याचाच सल्ला देतात. जागतिक संहितेनुसार चालू प्रकरणाच्या तपशिलावर संबंधित संस्थेनेही बोलायचे नसते. परंतु खेळाडूने वा त्याच्या प्रतिनिधीने जाहीर विधान केले, तर त्याला उत्तर देण्याची मुभा संस्थेला मिळते. त्यामुळे उतावळेपणाने दिलेले निवेदन खेळाडूचेच संरक्षण कमी करते.

विचारणाऱ्याची बाजू

13 ऑक्टोबर 2024 रोजी केनियाच्या रूथ चेपनगेटिचने शिकागोत 2 तास 9 मिनिटे 56 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. आधीचा जागतिक विक्रम तिने जवळजवळ दोन मिनिटांनी मोडला. ही वेळ विश्वास न बसण्याइतकी चांगली आहे असे म्हणणाऱ्यांना काय सांगाल, असे एका अमेरिकी पत्रकाराने विचारले. तिचे उत्तर त्रोटक होते : आपल्याला कल्पना नाही, लोक बोलणारच. मातृभाषा नसलेल्या इंग्रजीत, 42 किलोमीटर धावल्यानंतर, याहून विस्तृत उत्तराची अपेक्षा कितपत रास्त होती, हाही विचार व्हावा. केनियात या प्रश्नावर संताप व्यक्त झाला.

मार्च 2025 मधील तिच्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे, इतर द्रव्ये लपवण्यासाठी वापरले जाऊ शकणारे औषध आढळले. आधी तिला कारण सांगता आले नाही. नंतर घरकाम करणाऱ्या बाईंचे औषध आजारपणात घेतल्याचे तिने सांगितले. तपास संस्थेला ते पटले नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. यावरून 'पत्रकार बरोबर ठरला' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो तर्काला धरून नाही. मार्चमधील नमुना ऑक्टोबरमधील शर्यतीविषयी काही सिद्ध करत नाही आणि प्रश्न रास्त होता की नाही हे नंतरच्या निकालावर अवलंबून नसते. तो विचारला गेला तेव्हा कामगिरी असामान्य होती आणि तेवढे कारण पुरेसे होते. बंदीच्या निर्णयात 14 मार्च 2025 पूर्वीचे तिचे निकाल कायम ठेवण्यात आले, शिकागोची 2:09:56 ही वेळही त्यांतच आली.