पँडोराचा दुभाष्या

पँडोरा उघडलं की आधी नजर जाते ती कीबोर्डवर. ४३ इवल्याशा कळा, दोन अंगठ्यांसाठी दोन चपटे नब (छोट्या जॉयस्टिक), आणि वरच्या झाकणात ८०० बाय ४८० पिक्सेलचा टचस्क्रीन. गेम खेळण्यासाठी घडवलेलं, लिनक्सवर चालणारं हे यंत्र दोन्ही हातांत धरून वापरायचं. पण त्यातली माझी सगळ्यात आवडती जागा कडेला आहे: यूएसबीचा पूर्ण मापाचा पोर्ट, लॅपटॉपला असतो तसाच. हातात मावणाऱ्या गेमच्या यंत्राला असा पोर्ट द्यावा असं ज्यांच्या मनात आलं, त्यांना खिशातला संगणकच हवा होता.

ही माणसं मोठ्या कंपनीची नव्हती. कोरियाच्या गेमपार्क होल्डिंग्जने २००५ साली जीपी२एक्स हे लिनक्सवर चालणारं गेमयंत्र बाजारात आणलं. ते विकणारे आणि वापरणारे काहीजण एकत्र आले आणि आपल्याला हवं तसं यंत्र त्यांनी स्वतःच आखलं. २००८ च्या सप्टेंबरात आगाऊ नोंदणी सुरू झाली. पहिली यंत्रं लोकांच्या हाती पडायला २०१० चा मे उजाडला. दीड वर्षाहून अधिक काळ पैसे गुंतवून वाट पाहणारी ती माणसं मला फार मोलाची वाटतात. त्यांच्याशिवाय हे यंत्र कागदावरच राहिलं असतं.

आता त्या पोर्टमध्ये एक पेनड्राइव्ह लावा. चालतो. तो काढून साधा, वायरचा माऊस लावा. माऊसच्या पोटातला लाल दिवा लागला तरी पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. माऊस बदलून पाहिला तरी तेच. मग पँडोरा आणि माऊस यांच्या मध्ये यूएसबी २.० चा हब जोडा, आणि बाण सरसर धावू लागतो.

पोर्ट बिघडलेला नाही. यूएसबी २.० मध्ये तीन वेग आहेत. माऊस आणि कीबोर्ड सहसा सेकंदाला १५ लाख बिटच्या संथ वेगाने बोलतात, वायरचे गेमपॅड बहुतेक १ कोटी २० लाखांच्या, आणि पेनड्राइव्ह ४८ कोटींच्या. पँडोराच्या मुळाशी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप ३५३० ही चिप आहे. मोठ्या पोर्टमागचा तिचा कंट्रोलर फक्त ४८ कोटींच्या वेगाने बोलू शकतो. त्या काळच्या पीसीमध्ये अशा वेगवान कंट्रोलरच्या जोडीला संथ वेगाचा दुसरा असे, आणि माऊस आला की पहिला त्याला दुसऱ्याच्या हवाली करी. पँडोराच्या मोठ्या पोर्टला ही जोड नाही. म्हणून माऊस बोलतो, पण ऐकणारं कुणी नसतं.

हब इथे दुभाष्याचं काम करतो. कंट्रोलर त्याला भरधाव वेगात सांगतो, ‘माऊसला एवढं विचार,’ आणि आपल्या दुसऱ्या कामाला लागतो. हब माऊसशी त्याच्या संथ चालीने बोलतो आणि उत्तर धरून ठेवतो. थोड्या वेळाने कंट्रोलर परत येऊन ते उत्तर घेऊन जातो. कीबोर्डची एकेक कळ, माऊसची बारीकशी हालचाल, सगळं असं दोन फेऱ्यांत पोचतं, आणि हाताला त्याचा पत्ताही लागत नाही. यूएसबी १.१ चा जुना हब मात्र उपयोगाचा नाही. तो स्वतःच संथ, त्यामुळे त्याचंही कुणी ऐकत नाही.

पँडोराला दुसरा, छोटा मिनी-यूएसबी पोर्टही आहे. पीसीला जोडायची केबल लावली तर तिथे पँडोरा पाहुणा होतो आणि पीसी यजमान. त्या प्लगमधली चौथी पिन पाचव्या, म्हणजे ग्राउंडच्या पिनला जोडलेली असली की पँडोरा यजमान होतो. दोन पिनांमधल्या इवल्याशा जोडणीने नातं उलटतं! तिथला कंट्रोलर वेगळा आहे आणि त्याला संथ वेगही जमतो.

विजेचा हिशेब मात्र ठेवायला हवा. यूएसबी २.० च्या नियमाने एका पोर्टमधून ५०० मिलिअँपियर मागता येतात, आणि ते सगळे पँडोराच्या बॅटरीतून जाणार. हार्ड डिस्क फिरवायची असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा.

काही अडलं तर टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ टाइप करायचं. जोडलेल्या वस्तूंची यादी समोर येते. यादीत नाव नसेल तर केबल, हब किंवा वीज तपासायची. नाव असूनही वस्तू चालत नसेल तर ड्रायव्हरचा मॉड्यूल शोधायचा. मिडी कीबोर्ड, नेटवर्कचा अडॅप्टर, गेमपॅड, यांतल्या पुष्कळ वस्तूंचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतात.

माऊस हबला लावून मी ती यादी पुन्हा मागवतो. आधी फक्त कंट्रोलरची ओळ होती. आता तिच्या सोबतीला हबची ओळ आली आहे आणि माऊसचीही.