हेल्पलाईन : दुःख ऐकणारा कान आणि वाट दाखवणारा हात

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत वसले आहे. सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शीहून कळंबकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरी देवीच्या यात्रेनिमित्त येथे मोठा जनसमुदाय लोटतो. यात्रा संपली की मात्र उरते ती कोरडवाहू शेती, बेभरवशाचा पाऊस आणि वर्षानुवर्षे न फिटणारे कर्ज. २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे महाराष्ट्रभर चर्चेत आला, ही आपणा सर्वांना व्यथित करणारी गोष्ट आहे.

संकटात सापडलेल्या माणसाला फोनवरून आधार देणाऱ्या अनेक हेल्पलाईन आज उपलब्ध आहेत. त्यांचे क्रमांक फलकांवर झळकतात आणि वर्तमानपत्रांत छापून येतात. परंतु तेथे फोन कोण उचलतो, काय विचारतो, त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आपल्या भाविकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. अज्ञानामुळे संकोच वाटतो आणि संकोचामुळे फोन होत नाही. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

एका धर्मगुरूने केलेला प्रारंभ

या सेवेचा उगम एका चर्चमध्ये झाला, हे पुष्कळांना माहीत नसेल. चॅड व्हारा हे इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू. १९३५ साली, धर्मगुरूपदाच्या आरंभीच्या काळात, त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला. मासिक पाळी सुरू झाल्यावर आपल्याला काही भयंकर रोग जडला आहे, अशी त्या मुलीची समजूत झाली आणि त्या भीतीपोटी तिने आत्महत्या केली. विचारावे असे तिला कोणी नव्हते. एका साध्या प्रश्नाचे उत्तर देणारे माणूस भेटले असते, तर ते जीवन वाचले असते, हा विचार व्हारा यांच्या मनातून गेला नाही.

२ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांनी लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या आपल्या चर्चमध्ये एक फोन ठेवला आणि जीवनाला कंटाळलेल्यांनी येथे संपर्क साधावा, असे आवाहन केले. फोन येऊ लागले, तसेच माणसेही प्रत्यक्ष येऊन रांगेत बसू लागली. त्यांना चहापाणी देण्यासाठी काही स्वयंसेवक पुढे आले. थोड्याच दिवसांत एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. या साध्यासुध्या स्वयंसेवकांशी बोलूनच अनेकांचे मन हलके होई आणि धर्मगुरूंना भेटण्याची त्यांना गरजही उरत नसे. फेब्रुवारी १९५४ मध्ये व्हारा यांनी फोन ऐकण्याचे काम या स्वयंसेवकांकडेच सोपविले. एका वर्तमानपत्राने या उपक्रमाला शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्यावरून 'समॅरिटन्स' हे नाव दिले आणि पुढे तेच रूढ झाले. जर्मनीत १९५६ साली सुरू झालेली अशीच सेवा आज कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट ख्रिस्तसभा मिळून चालवितात. भारतात डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली चेन्नईत 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. नवी मुंबईतील 'आसरा' आणि पुण्यातील 'कनेक्टिंग' या संस्थाही याच वाटेने चालल्या.

ऐकणे की सल्ला?

या संस्थांचा मूळ नियम असा की, फोन करणाऱ्याला उपदेश करावयाचा नाही. त्याचे दुःख शांतपणे ऐकावयाचे, त्याला दोष द्यावयाचा नाही आणि त्याचा निर्णय आपण घ्यावयाचा नाही. दुःखी मनुष्याला पहिली गरज असते ती कोणीतरी आपले म्हणणे मध्येच न तोडता ऐकण्याची. ही गोष्ट शहरात जितकी खरी, तितकीच येरमाळ्यातही खरी आहे.

तथापि आपल्या भागातील दुःखाला आणखी एक बाजू आहे. सोयाबीन पाण्यात गेलेल्या किंवा पावसाविना करपलेल्या शेतकऱ्याच्या मनावरचा भार बँकेची नोटीस, सावकाराचा तगादा, मुलीचे ठरलेले लग्न आणि अडकलेले अनुदान यांनी बनलेला असतो. त्याचे केवळ ऐकून घेतले आणि कर्जाचे पुढे काय करावयाचे हे कोणी सांगितले नाही, तर दुसऱ्या दिवशी तो त्याच नोटिशीसमोर उभा राहतो. उलट, त्याचे काही न ऐकताच योजनांची यादी वाचून दाखविली, तर ती त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. आधी ऐकणे आणि मग वाट दाखविणे, हा क्रम आहे. यातील एकही पायरी गाळता येत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दाखला या दृष्टीने पुन्हा वाचावा. शोमरोन्याला जखमी वाटसरूचा कळवळा आला, परंतु तो कळवळ्यापाशी थांबला नाही. त्याने जखमा बांधल्या, वाटसरूला उतारशाळेत नेले, पुढील शुश्रूषेसाठी दोन दीनार दिले आणि परत येऊन राहिलेला खर्च भागविण्याचे वचनही दिले. थांबणे, मलमपट्टी, योग्य हाती सोपविणे आणि पुन्हा विचारपूस करणे, ही चारही कामे चांगल्या हेल्पलाईनला करावी लागतात.

धाराशिव जिल्ह्यातील प्रयत्न

आपल्या जिल्ह्यात या दोन्ही अंगांनी प्रयत्न झाले आहेत. २०१५ साली राज्य शासनाने यवतमाळ आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत 'बळीराजा चेतना अभियान' प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. त्याच सुमारास आरोग्य विभागाने विदर्भ आणि मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आखला. त्यात आशा कार्यकर्त्यांनी शेतकरी कुटुंबांच्या घरी जाऊन विचारपूस करावी, तणावाची लक्षणे दिसल्यास १०४ या क्रमांकावरून समुपदेशन व्हावे आणि गरज भासल्यास जिल्हा रुग्णालयात उपचार मिळावेत, अशी साखळी योजिली होती.

स्वयंसेवी क्षेत्रात 'शिवार फाउंडेशन'ची शेतकरी हेल्पलाईन उल्लेखनीय आहे. कृषी शाखेचे शिक्षण घेतलेले विनायक हेगाणा हे तरुण कार्यकर्ते कोल्हापूरकडून या जिल्ह्यात आले आणि शेतकरी आत्महत्या रोखण्याच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. शेतकऱ्याची अडचण ऐकून घेणे आणि ती संबंधित शासकीय यंत्रणेपर्यंत पोहोचविणे, असा दुहेरी मार्ग या कामाने धरला आहे.

विदर्भातील एक अनुभवही येथे सांगितला पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' या प्रकल्पाद्वारे गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नैराश्यग्रस्तांना मदत दिली. प्रकल्पापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. दीड वर्षात ते सुमारे २७ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. ऐकणारे माणूस जवळ आले की लोक बोलू लागतात, हा त्याचा अर्थ.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील शेती क्षेत्रातील ११,२९० व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांतील ४,२४८ महाराष्ट्रातील होत्या. देशभरच्या या संख्येत शेतमजूर निम्म्याहून अधिक, म्हणजे ६,०८३ होते, हे विशेष लक्षात घ्यावे. मजुराच्या नावावर सातबारा नसतो. त्यामुळे त्याच्या दुःखाची नोंद सहजासहजी कोणी घेत नाही.

फोन केल्यावर काय होते?

केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक असून ती विनाशुल्क आहे आणि रात्रंदिवस चालते. फोन लागल्यावर भाषा निवडावयाची असते. मराठी निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. तो प्रथम बोलू देतो. नंतर झोप, जेवण, घरची परिस्थिती, मनात येणारे विचार यांविषयी विचारतो. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे त्याने स्पष्ट विचारले तर दचकू नये. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट, जे कोणाजवळ बोलता आले नाही ते बोलण्याची मुभा मिळते. गरज असल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून दिले जाते किंवा जिल्ह्यातील उपचारकेंद्राचा पत्ता दिला जातो.

सांगितलेली गोष्ट गुप्त राहते. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र तो वाचविण्यासाठी इतरांना कळविणे भाग पडू शकते. पोलीस केस होईल, ही भीती अनेकांना गप्प ठेवते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर आहे. जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ हेही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. मदत मागणे हा तर कधीच गुन्हा नव्हता.

आपल्या उपयोगाचे काही क्रमांक असे :

- १४४१६ : मानसिक ताण, नैराश्य, आत्महत्येचे विचार
- ११२ : जीव तत्काळ धोक्यात असल्यास
- १०९८ : संकटातील बालके
- १८१ : अत्याचारग्रस्त महिला
- १४५६७ : ज्येष्ठ नागरिक
- १५१०० : मोफत कायदेविषयक साहाय्य
- १८००-१८०-१५५१ : किसान कॉल सेंटर, २००४ पासून सुरू, पीक व शेतीविषयक सल्ला

व्यावहारिक सल्ल्याचे मोल किती, हे दोन उदाहरणांवरून कळेल. बेकायदा सावकाराने जमीन बळकावली असल्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे दाद मागता येते आणि चौकशीअंती जमीन परत मिळू शकते. दुसरे उदाहरण विधवा भगिनींचे. पतीच्या निधनानंतर वारस नोंद, रेशनकार्ड, बँकेचे कर्ज, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज ही सारी कामे तिच्या अंगावर एकदम कोसळतात. महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

एक सावधगिरीही बाळगावी. इंटरनेटवर बनावट क्रमांक पुष्कळ असतात. खरी हेल्पलाईन कधीही ओटीपी, बँक खात्याचा तपशील वा पैसे मागत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

आत्महत्या झालेल्या घरातील ख्रिस्ती कुटुंबे आजही आम्हांस भीत भीत विचारतात, "फादर, त्याचा अंत्यविधी होईल ना? त्याच्या आत्म्याचे काय?" १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंग्रहात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या कायदेसंग्रहातून ही तरतूद वगळण्यात आली. जीवन ही परमेश्वराची देणगी आहे आणि ते संपविण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही शिकवण कायम आहे. मात्र गंभीर मानसिक विकार, यातना किंवा भय यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, असे १९९२ चा कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. म्हणून अशा घराकडे पाठ फिरविणे, कुजबुज करणे किंवा दोष देणे हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

कोणी असेही विचारतात की, प्रार्थना असताना हेल्पलाईन कशाला? ताप आला की आपण प्रार्थनाही करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या आजाराला वेगळा न्याय लावू नये. प्रायश्चित्त संस्कारात पापांची क्षमा मिळते. नैराश्य हे पाप नव्हे, तो आजार आहे.

फोन ठेवल्यानंतर

हेल्पलाईनला मर्यादा आहेत. डोंगरभागात रेंज जाते. घरात एकच फोन असतो आणि तो सुनेच्या हाती नसतो. ऊसतोडीला गेलेल्या मजुराला बोलण्यापुरता एकांत मिळत नाही. समुपदेशक कितीही कुशल असला, तरी तो तहसील कार्यालयात आपल्यासोबत येऊ शकत नाही. फोन ठेवल्यानंतरचे काम शेजाऱ्याचे आहे, आणि तेथे आपण सर्वजण येतो.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजूंच्या घरी स्वतः भेटीस जातात. प्रत्येक धर्मग्रामात, मग तेथे कुटुंबे थोडी का असेनात, दोन-तीन जणांनी ही जबाबदारी घ्यावी. एखादा माणूस अबोल झाला, जेवेनासा झाला, देणीघेणी एकाएकी मिटवू लागला किंवा निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर त्याच्याजवळ जाऊन बसावे. 'सगळे ठीक होईल' असे म्हणण्याची घाई करू नये. त्याला एकटे सोडू नये. घरातील फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. त्याच्यादेखत १४४१६ लावून फोन त्याच्या हाती द्यावा. तो बोलत असताना थोडे दूर उभे राहावे, पण निघून जाऊ नये. आणि सोमवारी बँक उघडेल तेव्हा ती नोटीस घेऊन त्याच्यासोबत जावे.

वर दिलेले क्रमांक चर्चच्या सूचना फलकावर लावावेत, अशी सर्व धर्मग्रामांना आमची विनंती आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर ते वाचून दाखविले, तर ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही ते पोहोचतील.