शब्दात लपलेला एच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘जी, एच आणि टी ही तिन्ही अक्षरं ज्यात आहेत असा एक इंग्रजी शब्द सांगा.’ मंडळी, हे ऐकताच तुम्ही मनातल्या मनात शोधायला लागला असाल. कुणाला ‘लाइट’ सापडला असेल, कुणाला ‘नाइट’. आता हेच शब्द पुन्हा एकदा नुसते कानावर घ्या. लाइटमध्ये ग ऐकू येतो का? ह येतो का? दोन्ही येत नाहीत, आणि तरीही दोन्ही तिथं लिहिलेले आहेत. मराठी माध्यमाचं मूल अशा प्रश्नापाशी अडतं ते इथंच.

मी हडपसरला संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवतो. बरीचशी स्कॉलरशिपला बसणारी. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. स्कॉलरशिपची परीक्षाही २०१७ साली चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली. पण अक्षरं देऊन शब्द करायला लावणारे प्रश्न अशा परीक्षांच्या तयारीत ठरलेलेच.

मराठीत ही मुलं हटत नाहीत. फळ्यावर आमच्या गावाचंच नाव लिहितो: ह, ड, प, स, र. काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. यातली अक्षरं घेऊन शब्द करा म्हटलं, की मिनिटभरात रस, सर, पड, रड, हस, पसर असा नुसता पाऊस पडतो. मुलं अक्षरं पुटपुटतात आणि शब्द कानाला सापडतो.

मग तेच नाव इंग्रजीत लिहितो: एच, ए, डी, ए, पी, एस, ए, आर. वर्ग चिडीचूप. ‘एच’ आणि ‘ए’ कितीही वेळा पुटपुटले तरी त्यातून ‘हा’ निघत नाही, कारण इंग्रजी अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा. म्हणून मी सांगतो, तोंड बंद आणि डोळे उघडे. आधी स्वर बाजूला काढा. इथं स्वर एकच, ए, तो तीनदा. मग व्यंजनांच्या नेहमी शेजारी बसणाऱ्या जोड्या शोधा: एस-एच, आर-डी, आर-पी. या जोड्यांच्या मध्ये किंवा कडेला ए बसवून पाहा. हार्ड येतो, हार्प येतो, डॅश येतो, शार्प येतो. आणि सगळ्यात लांब शब्द कुठला, माहीत आहे? ‘पर्दा’! आपल्या पडद्याचाच हा भाऊबंद इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला आहे. त्याच्या एका स्पेलिंगात यूऐवजी ए आहे. त्याला अनेकवचनाचा एस लावला की आठांपैकी सात अक्षरं खर्च होतात.

इथं एक फरक लक्षात ठेवायला हवा. गावाच्या नावातून शब्द करताना बाहेरचं अक्षर चालत नाही. जी, एच, टी असलेला शब्द सांगताना मात्र बाहेरची कितीही अक्षरं चालतात, फक्त ही तीन हवीत. मुलं हे दोन प्रश्न एकच समजतात आणि वेळ घालवतात.

दुसऱ्या प्रकारात सर्वांत चकवतो तो एच. आपल्याकडे ख, घ, थ, भ ही एकेकच अक्षरं. इंग्रजीत ती लिहायची तर दोन लागतात, आणि दुसरा असतो एच. ‘थिंग’ म्हणताना मुलाला थ ऐकू येतो, त्यातला टी आणि एच वेगळे वाटतच नाहीत. ‘टुगेदर’मध्ये तर चक्क द ऐकू येतो. भाजी मंडईत काम करणाऱ्या एका बाईंची मुलगी माझ्याकडे येते. ‘डॉटर’चं स्पेलिंग पाहून तिनं विचारलं, ‘सर, यात जी आणि एच दोन्ही आहेत, तर घ कुठं गेला?’ प्रश्न अगदी बरोबर होता. तो घशातला आवाज इंग्रजीत एकेकाळी होता. उच्चारातून गेला, लिहिण्यात राहिला. तेव्हापासून ती या अक्षरांना ‘गेलेला घ’ म्हणते, आणि लाइट, नाइट, एट, वेट धडाधड सांगते.

अक्षरं बरीच दिली असतील तर सगळ्यांत दुर्मीळ अक्षर आधी धरावं. ई, ए आणि क्यू दिले तर ई-एच्या मागं लागू नये, ते हजारो शब्दांत असतात. क्यू धरला की त्याच्यामागं यू जवळजवळ ठरलेला. मग इक्वल, स्क्वेअर, अर्थक्वेक आपोआप पुढं येतात. कोणतं अक्षर दुर्मीळ हे स्क्रॅबलच्या डब्यात दिसतं. १९३०च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदानं वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून तो खेळ रचला. शंभर सोंगट्यांत ई बारा. के, जे, क्यू, एक्स आणि झेड एकेकच.

संगणक तर कान वापरतच नाही. प्रत्येक शब्दासमोर सव्वीस घरं, जे अक्षर असेल त्या घरात खूण. मागितलेल्या घरांत खुणा असलेले शब्द तो उचलतो. तीच अक्षरं फिरवून होणारे शब्द हवे असतील तर प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीच्या क्रमानं लावायची. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ यांची अशी रांग लावली की दोन्हींची एकच येते: ई, आय, एल, एन, एस, टी. ऐकायचं तर गप्प बसावं लागतं, हे वर्गाला सांगायला मला यापेक्षा चांगली संधी मिळत नाही!

ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येतं तिथल्या मुलाच्या डोळ्यांखालून हे शब्द आपसूक जातात. बाकीच्यांची बुद्धी कमी नसते, त्यांनी शब्द पाहिलेले कमी असतात. ते पाहायला पैसे लागत नाहीत. साबणाचं वेष्टण, औषधाची पट्टी, गाडीतळावरच्या दुकानांच्या पाट्या पुरतात. पाट्यांवर मात्र जपून. ‘लाइट’मधले जी आणि एच उडवून शेवटी ई लावणारे पेंटर पुष्कळ आहेत. मी रोज दोन अक्षरं देतो, मुलांनी दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून शब्द आणायचा. मागं एकदा एक्स आणि वाय दिले होते. ‘सिक्स्टी’ वर्गातच निघाला. ‘ऑक्सिजन’ एका मुलानं दवाखान्याबाहेर ठेवलेल्या सिलिंडरवरून उतरवून आणला.