न दिसणारा आजार आणि आपला हातभार

काही वर्षांपूर्वी नेरुळच्या माझ्या दवाखान्यात बत्तीस वर्षांच्या एक शिक्षिका आल्या. एका डोळ्याने धूसर दिसत होते, पाय जड झाला होता. त्याआधी दोन वर्षे त्याच पायाला मुंग्या आल्या होत्या. तेव्हा मीच बी-12ची इंजेक्शने दिली. त्रास आपोआप थांबला आणि आम्ही दोघेही तो विसरलो. या खेपेस मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. एमआरआयनंतर निदान झाले, मल्टिपल स्क्लेरॉसिस, अर्थात एम.एस.

विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण असते, तसे मज्जातंतूंवर मायेलिनचे आवरण असते. एम.एस.मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील या आवरणावर हल्ला करते. मग संदेश अडखळतात. दृष्टी मंदावते, तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, विलक्षण थकवा येतो. हा रोग बहुधा 20 ते 40 या वयात सुरू होतो व स्त्रियांत अधिक आढळतो. तो संसर्गजन्य नाही. समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र झटके कमी करणारी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू केलेली बरी.

आमच्याकडील दमट उकाड्यात या रुग्णांचा त्रास तात्पुरता वाढतो. "डॉक्टर, स्टेशनचा जिना चढताना पाय थरथरतात, आणि लोक म्हणतात, दिसतेस तर धडधाकट!" बाई सांगत होत्या.

औषधोपचार व फिजिओथेरपी वर्षानुवर्षे चालते. मध्यमवर्गीय घर त्यात पोखरून निघते. म्हणूनच 1985 साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही सेवाभावी संस्था सुरू झाली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

वाचकहो, दान म्हटले की आपल्याला देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक आठवतो. या बाईंच्या सहशिक्षकांनी दरमहा थोडी थोडी वर्गणी काढून त्यांच्या फिजिओथेरपीचा रिक्षाखर्च उचलला. व्यायाम चुकला नाही, नोकरीही टिकली. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा अशी नेमाची मदत दीर्घ आजारात अधिक उपयोगी पडते. संस्थेला देणगी देताना ती नोंदणीकृत आहे ना हे पाहावे, पावती घ्यावी. ओळखीच्या रुग्णाला मात्र आधी विचारावे, "तुम्हाला नेमकी कशाची गरज आहे?"