चौल बंदरातले दहा हजार

"इस्लाम इथे तलवारीने आला," असे शाळेतून ऐकून आलेल्या मुलाला चौलची हकिकत जरूर सांगावी.

अलिबागजवळचे चौल आज नारळी-पोफळीच्या बागांत झाकलेले गाव आहे. अरब त्याला सैमूर म्हणत. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, बगदादचे अल-मसूदी येथे आले. त्यांना सुमारे दहा हजार मुसलमान आढळले. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसरा-बगदादचे. शिवाय इथेच जन्मलेले, ज्यांना ते 'बयासिरा' म्हणतात.

फौज तर आली नव्हती. आणले ते वाऱ्याने. शिडाची जहाजे मोसमी वाऱ्यावर चालत. परतीचा वारा सुटेपर्यंत व्यापाऱ्याला महिनोनमहिने बंदरातच थांबावे लागे. मुक्काम लांबला की घर आले, निकाह आला, मुलेबाळे आली. राज्य राष्ट्रकूटांचे. त्यांच्या मुलखात मशिदी होत्या, असेही मसूदी नोंदवतात. मुसलमानांचे व्यवहार पाहायला त्यांच्यातलाच प्रमुख असे, त्याला 'हुनरमन' म्हणत.

विश्वास किती होता, ते पालघर जिल्ह्यातील चिंचणीला सापडलेला इ.स. ९२६ चा ताम्रपट सांगतो. संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूट राजाने एका ताजिक, म्हणजे अरब, मुसलमानाकडे सोपवला होता. मुहम्मद हे नाव संस्कृत लेखात 'मधुमती' झाले आहे! त्याने नदीवर लोकांसाठी फुकट होड्या ठेवल्या, अन्नछत्र चालवले आणि तिथल्या मठाला जमीन देण्यास संमती दिली.