ऑक्टोबर हीट आणि जलरंगाची कड

पावसाळा सरला की जालन्यात मोती तलावाकाठी, कुंडलिकेच्या किनारी जलरंगात निसर्गचित्रं काढायला स्वच्छ उजेड मिळतो. मात्र ऑक्टोबर हीटची कोरडी हवा कागदावरचं पाणी झपाट्याने ओढते. ओल्या रंगाच्या कडेला बाष्पीभवन सर्वाधिक होतं. ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं, सोबत रंगकणही नेतं. म्हणून वाळल्यावर तिथे गडद रेघ उमटते.

उपाय सोपे आहेत. कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, सावलीत बसा, आभाळ सकाळीच रंगवा. काळ्या रानासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. उन्हाच्या जागा कोऱ्या ठेवा: जलरंगाचा थर पारदर्शक असतो, त्यामुळे चित्रातला उजेड पांढऱ्या कागदावरून परावर्तित होऊनच डोळ्यांपर्यंत येतो.