रुंद भिंग आणि जवळचा कातळ

सह्याद्रीवर भटकणाऱ्या तरुण मंडळींचा कॅमेरा आतां घरोघर आढळतो, आणि एक पावसाळा उलटला कीं त्या कॅमेऱ्यास ‘वाइड’ लेन्स घेऊन देण्याविषयींचा हट्टही बहुतेक घरीं ऐकूं येतो. हट्टाचें कारण ठरलेलें असतें. रतनगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर उभें राहिलें म्हणजे डोळ्यांपुढें जें अफाट दृश्य पसरतें, तें नेहमींच्या भिंगांत मावत नाहीं. तेव्हां ज्यांत अधिक मावेल असें भिंग घ्यावें, असा हा सरळ हिशेब. आमच्या मतें हा हिशेब फसवा आहे, आणि त्यापायीं पुष्कळांचे पैसे कपाटांत धूळ खात पडलेले आम्हीं पाहिले आहेत. चांगलें रुंद भिंग स्वस्त नसतें. कित्येक मध्यम स्थितींतील घरांत तेवढ्या रकमेंत महिन्याचा संसार चालतो. म्हणून या विषयाची थोडी फोड करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

रुंद भिंगांत अधिक मावतें हें खरें. पण जें मावतें तें लहान होऊनच मावतें. ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच अशा पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचें भिंग आडव्या दिशेनें सुमारें ४० अंश पाहतें, ३५ चें ५४, २४ चें ७४, आणि १६ चें तर ९७ अंश. पण एकाच जागीं उभें राहून चित्रें काढलीं, तर दूरचा डोंगर २४ च्या भिंगानें ५० च्या मानानें निम्मा, आणि १६ च्या भिंगानें तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान उमटतो. जो अलंगचा कडा पाहून छाती दडपून गेली होती, तो घरीं येऊन पाहावें तों वारुळाएवढा. त्याच्यावर रिकामें आभाळ आणि खालीं रिकामें माळरान! चित्र पाहणारीं घरचीं माणसें “छान आहे” म्हणतात आणि पान उलटतात.

यांत भिंगाचा दोष नाहीं. दूरची वस्तु बारीक होत असतांना दोन हातांवरचा कातळ, पायाशीं असलेलें पाण्याचें डबकें किंवा कारवीचें झुडूप त्याच चौकटीचा सारा तळ व्यापून बसतें. रुंद भिंगाचा खरा व्यवहार या जवळच्या वस्तूंशीं असतो. डोंगर तिच्या मागें पडद्याप्रमाणें उभा राहतो. तेव्हां भिंग घेण्यापूर्वीं “मला किती अंश हवेत?” हा प्रश्न बाजूस ठेवून “चित्राच्या पायथ्याशीं मी काय ठेवणार आहें?” हा प्रश्न स्वतःस विचारावा. ज्याच्यापाशीं याचें उत्तर नाहीं त्यानें ३५ किंवा ५० च्या भिंगावर आणखी एक वर्ष काढावें, असें आम्ही निःसंकोच सांगतों.

हरिश्चंद्रगडाचेंच उदाहरण घेऊं, कारण त्या एका गडावर या विद्येचा बहुतेक सारा अभ्यास होतो. तेथील कोंकणकडा हा सरळ भिंतीसारखा नसून आंत वळलेला, वाटी उभी कापावी तसा आहे. काठावर उभें राहणाऱ्याच्या उजव्या-डाव्या हातांस त्याचीं दोन्ही टोकें पुढें आलेलीं असतात. येथें १६ ते २० मिलिमीटरचें भिंग आपलें मोल वसूल करतें, कारण कड्याची धार पायाशींच सुरू होऊन वळसा घेत दूर जाते आणि त्या वळणावरून नजर आपोआप कोंकणांत उतरते. केदारेश्वराच्या गुहेंतही तसेंच. पाण्यांतील तें विशाल लिंग व चार खांबांपैकीं शाबूत राहिलेला एकच खांब, हें सर्व एका चौकटींत घ्यावयाचें तर मागें सरावयास जागा नाहीं. मात्र गडावरील हरिश्चंद्रेश्वराचें शिखर टिपण्यासाठीं हेंच भिंग वर रोखलें, तर देऊळ मागें कलंडूं लागल्यासारखें दिसतें. कॅमेरा क्षितिजाशीं समतल धरून खालचा अनावश्यक भाग मागाहून छाटून टाकणें, हा त्यावर साधा इलाज.

आणखी एक गंमत याच गडावरची. सकाळीं सूर्य पाठीशीं व ढग दरींत असले म्हणजे पाहणाऱ्याच्या सावलीभोवतीं रंगीत वलय उमटतें. त्यास ‘इंद्रवज्र’ म्हणतात. तें टिपण्यासाठीं रुंद भिंग हवेंच, असा समज फार पसरला आहे. वास्तविक त्या वलयाची त्रिज्या थोड्याच अंशांची असल्यामुळें ५० चें भिंग त्यास उत्तम; १६ मध्यें तें टिकलीएवढें दिसेल. याच्या उलट आपलें नेहमींचें इंद्रधनुष्य. त्याची त्रिज्या सुमारें ४२ अंश, म्हणजे सूर्य क्षितिजाशीं असतां पुरी कमान ८४ अंश रुंद होते. २० मिलिमीटरचें भिंग आडवें नेमकें तेवढेंच पाहतें. कमानीच्या दोन्ही पायांशीं थोडी मोकळीक हवी असेल तर १८ चें घ्यावें लागतें. कौतुकाच्या गोष्टीचा आकार आपल्या मनांत मोठा होतो, तो आकाशांत तेवढा असतोच असें नाहीं.

आतां खरेदीचा विचार. ज्या कॅमेऱ्याची चौकट लहान, म्हणजे बाजारांत ज्यास एपीएस-सी म्हणतात, त्याच्यासाठीं वरील आंकडे दीडनें भागावेत. २४ चें काम तेथें १६ चें भिंग करतें. अशा कॅमेऱ्याबरोबर येणारें १८ ते ५५ चें भिंग रुंद टोकास पूर्ण चौकटीवरील २७ च्या आसपास असतें, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें. त्यांच्या घरीं रुंद भिंग आधींच आलेलें असतें! त्यापुढें जावयाचेंच तर १० ते १८ किंवा १० ते २० च्या जातीचें घ्यावें. पूर्ण चौकटीवर १६ ते ३५ चें, एफ ४ छिद्राचें भिंग आम्हांस सर्वांत सोयीचें वाटतें. एफ २.८ चें त्याहून जड व महाग असून त्याचा लाभ मुख्यतः रात्रीं आकाशगंगा टिपणारास होतो. दिवसाचें निसर्गचित्र एफ ८ किंवा एफ ११ वरच काढावयाचें. १६ च्या भिंगाचें छिद्र एफ ११ ठेवून ८० सेंटिमीटरवर फोकस केला कीं ४० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व स्पष्ट येतें. मग मोठ्या छिद्राचे पैसे कशास मोजावे?

अतिरुंद भिंगांपैकीं कांहींची पुढची कांच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली असते. त्यांवर नेहमींचा आट्यांचा फिल्टर बसत नाहीं. पावसाळ्यांत ओल्या पानांवरील चकाकी काढून खरा हिरवा रंग दाखविणारा पोलरायझर ज्यास हवा, त्यानें असें भिंग टाळावें. आणि पोलरायझर लावला तरी आकाश चौकटींत फार घेऊं नये, नाहींतर निळाईंत एक काळसर पट्टा उमटतो. सूर्याशीं काटकोनांत असलेलें आकाशच तेवढें गडद होतें, आणि रुंद चौकटींत तो फरक डोळ्यांत भरतो.

रुंद भिंगाची कडा काळवंडण्याची खोड फार जुनी. १९०० सालच्या गोएर्झ कंपनीच्या ‘हायपरगॉन’ भिंगांत सुमारें १३५ अंश मावत, पण मध्यभाग उजळ व कडा अंधाऱ्या. म्हणून पुढें एक छोटें तारकाकृति चक्र बसवीत आणि चित्र उमटत असतां रबरी फुग्याच्या हवेनें तें गरगर फिरवीत! पुढें आरशाचे कॅमेरे आले, आणि आरशास हलावयास जागा हवी म्हणून भिंगाची मागची कांच दूर ठेवणें भाग पडलें. १९५० साली अँजेनिओ यांनीं त्यावर उलट्या दुर्बिणीच्या धर्तीची युक्ति काढली. आतां आरसाच गेल्यामुळें रुंद भिंगें पुन्हा आटोपशीर होऊं लागलीं आहेत. ज्यांचा कॅमेरा जुन्या, आरशाच्या पद्धतीचा आहे व लौकरच बदलावयाचा आहे, त्यांनीं आधीं कॅमेऱ्याचा निकाल लावावा, मग भिंगाचा.

दोन गोष्टी मात्र वडील मंडळींनीं स्वतः सांगाव्या. पहिली, हें भिंग माणसास पुढें पुढें ओढतें. त्यांतून पाहतांना दोन पावलांवरची धार पांच-सहा पावलांवर भासते, आणि चौकटीचा पायथा भरण्याच्या नादांत पाय आपोआप सरकतो. कोंकणकड्यावर पालथें पडून खालीं पाहण्याचा प्रघात आहे. छायाचित्रकारासही तोच नियम असावा, आणि जागा बदलावयाची असेल तेव्हां कॅमेरा डोळ्यावरून खालीं घ्यावा. दुसरी गोष्ट कासच्या पठाराची. २०१२ साली पश्चिम घाटांतील ज्या स्थळांस युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत तें आहे. तेथील सीतेची आसवें वीतभरही उंच नसतात. १६ च्या भिंगानें त्यांस चौकटींत मोठें करावयाचें तर अंगावर ओणवें व्हावें लागतें, आणि एक फूल टिपतांना गुडघ्याखालीं पन्नास चिरडतात. तेथें वाटेवरच उभें राहून ७० ते २०० च्या भिंगानें दूरचा जांभळा पट्टा टिपावा. तो अधिक दाटही दिसतो.

ज्यांचा निश्चय अद्याप होत नसेल त्यांनीं प्रथम मोबाइलमधील ‘०.५’ चें भिंग घेऊन पर्वतीवर किंवा घराजवळच्या टेकडीवर एक सकाळ घालवावी. पूर्ण चौकटीवरील १३-१४ मिलिमीटर म्हणजे काय याची कल्पना फुकट येते. मग पुण्यामुंबईस भिंगें भाड्यानें मिळतात, तेथून १६ ते ३५ चें दोन दिवस आणावें. प्रत्येक चित्रासोबत किती मिलिमीटरवर तें काढलें याची नोंद कॅमेरा आपण होऊन ठेवतो. घरीं आल्यावर आवडलेलीं वीस चित्रें निवडून तेवढे आंकडे कागदावर उतरून काढावेत. बहुतेक २४ च्या आसपास निघाले, तर त्याच मापाचें साधें, हलकें, एकाच नाभ्यंतराचें भिंग पुरे. भाड्याचें भिंग हातीं घेतांना पुढच्या कांचेवरील ओरखडे मात्र दुकानदाराच्या समक्ष लिहून घ्यावेत.